एकच पेंग्विन, दोन प्लेटा



ज्या सरांच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते, ते मला शाळेत जीवशास्त्र शिकवायला होते. शनिवारी सकाळची शाळा सुटली की थांबतील त्या पोरांना ते प्रयोगशाळेच्या भिंतीवर स्लाइड दाखवत. खिडक्यांना सतरंज्या टांगलेल्या, प्रोजेक्टरची घरघर आणि तापलेल्या धुळीचा वास. एकदा भिंतीवर वाघ आला, थेट आमच्याकडे बघणारा. आम्ही ओरडलो. सर म्हणाले, "वाघ काय, सगळ्यांनाच दिसला. फोटो काढणारा कुठे बसलाय ते सांगा." कुणालाच सांगता येईना. मग त्यांनीच सांगितलं, "मचाणावर. आणि खाली खुंट्याला रेडकू बांधलेलं आहे. ते चौकटीत घेतलेलं नाही."

पुढे चाळीस वर्षं मी कॅमेऱ्यावर पोट भरलं. लग्नं, मुंजी, सभा, उद्घाटनं, आणि उरलेल्या रविवारी पक्षी. त्या रेडकानं मात्र माझी पाठ सोडली नाही. गाजलेला फोटो समोर आला की नजर आधी त्याच्या कडांकडे जाते. ध्रुवप्रदेशातल्या जुन्या फोटोंवर बोलायचं कबूल केलं ते या खोडीपायीच.

पहिला फोटो तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी कुठे ना कुठे पाहिला असेल. सगळीकडे बर्फ. त्यावर किल्ट नेसलेला एक स्कॉटिश गडी गाल फुगवून बॅगपाइप वाजवतोय आणि शेजारी एक एम्परर पेंग्विन उभा आहे, लग्नात बँडवाल्याशेजारी उभ्या राहणाऱ्या वरबापासारखा. साल १९०४, महिना मार्च. वाजवणाऱ्याचं नाव गिल्बर्ट केर, जहाज 'स्कोशिया', मोहिमेचे प्रमुख विल्यम स्पियर्स ब्रूस. अंटार्क्टिकाच्या वेडेल समुद्रात, कोट्स लँडच्या किनाऱ्यालगत जहाज बर्फात अडकलं होतं. हाताला काम नव्हतं. तेव्हा पेंग्विनला संगीत कळतं का, हे बघावं असं ठरलं. केरनं नाचाच्या चाली वाजवल्या, शोकाच्या वाजवल्या. पक्ष्यावर ढिम्म परिणाम झाला नाही, तो पेंगतच राहिला असं मोहिमेच्या वृत्तांतात नोंदलेलं आहे.

फोटो पाहून आपण हसतो. पेंग्विन कसा शहाण्या श्रोत्यासारखा थांबलाय, पळत नाही! तो पळत नाही, कारण त्याला दोरीनं बांधलेलं आहे. (व्याख्यानमालांना ही सोय अजून सुचलेली नाही, हे आपल्या सर्वांचं भाग्य.)

त्या दोरीचा मला राग येत नाही. ब्रूस हा काही उनाड माणूस नव्हता. सील, पक्षी, समुद्राच्या तळातले जीव यांवर त्याच्या लोकांनी फार मोलाचं काम केलं. दक्षिण ऑर्कनी बेटांपैकी लॉरी बेटावर त्यांनी हवामान केंद्र थाटलं, १९०४ साली ते अर्जेंटिनाच्या हवाली केलं, आणि ते आजही चालू आहे. माझा मुद्दा एवढाच, की त्या काळच्या ध्रुवीय फोटोंमध्ये अशी दोरी बहुतेक वेळा असते. कधी ती खरोखरीची दोरी असते, कधी बंदूक, आणि सर्वांत जास्त वेळा तळणीचं भांडं.

मराठीत आपली एक गंमत आहे. काचेच्या निगेटिव्हला आपण प्लेट म्हणतो आणि ज्यात जेवतो तिलाही प्लेटच म्हणतो. जुन्या ध्रुवीय मोहिमांमध्ये तोच पेंग्विन, तोच सील सकाळी एका प्लेटवर यायचा आणि संध्याकाळी दुसऱ्या.

हे शब्दशः खरं ठरवणारा माणूस म्हणजे डॉक्टर फ्रेडरिक कुक. 'बेल्जिका' या जहाजावरचा हा अमेरिकन डॉक्टर. १८९८ साली बेल्जिका अंटार्क्टिकाच्या बर्फात रुतली आणि दक्षिणेतल्या हिवाळ्याची ती लांबच लांब रात्र माणसांनी तिथे पहिल्यांदा काढली. खलाशांना स्कर्व्ही झाला. हिरड्या सुजल्या, पाय सुजले, काहींचं डोकं ठिकाणावर राहिना. कुकनं सांगितलं, पेंग्विन आणि सीलचं ताजं मांस खा, कमीत कमी शिजवून. जहाजाचे प्रमुख द जेर्लाश यांना ते मांस बघवत नसे. कुकनं स्वतःच पेंग्विनच्या चवीचं जे वर्णन लिहिलंय ते असं, की गोमांस, वास मारणारा कॉड मासा आणि बदक एका भांड्यात घालून त्यावर रक्ताचा आणि कॉडलिव्हर तेलाचा रस्सा ओतावा. तरी त्यानं औषध म्हणून ते खायला लावलं. हाताखाली रोआल्ड अमुंडसेन नावाचा तरुण होता, त्यानं साथ दिली, आणि माणसं उठून बसली. मोहिमेचा फोटोग्राफरही हाच कुक. ज्या पक्ष्याचा फोटो काढायचा, त्याचाच डोस लिहून द्यायचा.

पुढे उत्तर ध्रुव गाठल्याच्या दाव्यावरून कुकचं नाव फार बदनाम झालं. ती वेगळी कथा, आज नको.

थोडं मागे जाऊ. एवढ्या थंडीत फोटो निघायला लागले कसे? सुरुवातीची पद्धत ओल्या प्लेटची. काचेवर कलोडियन ओतायचं, चांदीच्या क्षारात बुडवायची, आणि ओली आहे तोवरच कॅमेऱ्यात घालून फोटो काढून लगेच धुवायची. आपल्या उन्हाळ्यात ती वाळायची धास्ती, तिकडे गोठायची. तरीही १८६९ साली अमेरिकन चित्रकार विल्यम ब्रॅडफर्ड 'पँथर' जहाजातून ग्रीनलंडकडे गेला तो बॉस्टनचे दोन फोटोग्राफर बरोबर घेऊन. जॉन डनमोर आणि जॉर्ज क्रिचरसन. त्यांच्या फोटोंचं जाडजूड पुस्तक १८७३ मध्ये लंडनला निघालं. हिमनगांचे ते फोटो आजही डोळे निववतात. ओल्या प्लेटला सेकंदांची उघडझाप लागते. हिमनग बिचारा हलत नाही. अस्वल हलतं. त्यामुळे त्या जमान्यातल्या प्राण्यांच्या फोटोंत मेलेला प्राणी जास्त, हे क्रौर्याइतकंच रसायनशास्त्राचंही देणं आहे. ब्रॅडफर्डच्या पुस्तकात एका दिवसात सहा ध्रुवीय अस्वलं मारल्यानंतरचा फोटो आहे. अस्वलं एकदम स्पष्ट आलीत. हलणार कशी?

कोरडी जिलेटिनची प्लेट आली आणि सगळं पालटलं. प्लेट खोक्यात भरून न्यायची, हवी तेव्हा वापरायची, धुवायची सवडीनं. पाठोपाठ फिल्मचा रोल आला. त्या रोलनं जे करून दाखवलं, ते आठवलं की अजून माझ्या अंगावर काटा येतो.

११ जुलै १८९७ ला सॉलोमन आंद्रे, निल्स स्ट्रिंडबर्ग आणि नुट फ्रेंकेल हे तीन स्वीडिश लोक स्वालबार्डमधल्या डेन्स बेटावरून हायड्रोजनच्या फुग्यात बसून उत्तर ध्रुवाकडे उडाले. तीन दिवसांत फुगा बर्फावर उतरला. स्ट्रिंडबर्ग पंचविशीच्या आतला, पदार्थविज्ञानाचा माणूस, फोटोंचा नादिष्ट. त्यानं आधी काय केलं? आडव्या पडलेल्या फुग्याचा फोटो काढला. मग तिघं जवळजवळ तीन महिने बर्फावरून स्लेज ओढत चालले आणि क्विटोया नावाच्या बेटावर पोचून तिथेच संपले. तेहतीस वर्षं जगाला पत्ता नाही. १९३० च्या ऑगस्टमध्ये एका नॉर्वेजियन जहाजावरच्या लोकांना त्यांचा तळ सापडला. सांगाडे, डायऱ्या, आणि बर्फानं तेहतीस वर्षं सांभाळलेले फिल्मचे रोल. स्टॉकहोममध्ये जॉन हर्ट्सबर्ग यांनी ते धुतले. सुमारे दोनशे चाळीसपैकी त्र्याण्णव फोटो वाचले.

फोटो धुणाऱ्या माणसाला विचारा, त्या अंधारखोलीत काय झालं असेल. ट्रेमध्ये फिल्म हलवत राहायचं, आणि हळूहळू कडेनं काळं चढायला लागतं. मी माणसांच्या मृत्यूनंतर त्यांच्या घरच्यांनी आणून दिलेले रोल धुतलेत. आठवड्याभरापूर्वी गेलेला माणूस पाण्यातून वर येताना पाहणंही जड जातं. इथे तेहतीस वर्षांपूर्वीची माणसं वर येत होती.

त्या त्र्याण्णवात मारलेल्या ध्रुवीय अस्वलाशेजारी बंदुका घेऊन उभ्या असलेल्या माणसांचा एक फोटो आहे. शिकारीचा नेहमीचा फोटो वाटतो. पण ही हौस नव्हती. फुग्यातलं सामान पुरणारं नव्हतं आणि त्या अस्वलांवरच ते जगत होते. पुढे १९५२ मध्ये एर्न्स्ट त्रिदे या डॅनिश डॉक्टरनं तळावरच्या अस्वलाच्या अवशेषांत ट्रिकिनेला हा कृमी सापडल्याचं दाखवलं. अर्धकच्चं मांस खाऊन तिघंही गेले असावेत, असा त्याचा तर्क. तो सर्वांना मान्य नाही, वाद अजून चालू आहे. पण तो फोटो मी आता पूर्वीसारखा पाहू शकत नाही. कुणी कुणाची शिकार केली, हे त्यात ठरत नाही.

आता हर्बर्ट पाँटिंग. या माणसावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तो आमच्या जातीचा. म्हणजे धंदेवाईक.

१८७० सालचा जन्म, इंग्लंडमधल्या सॉल्झबरीचा. कॅलिफोर्नियात जाऊन शेतीत आणि सोन्याच्या खाणीत पैसे बुडवले, मग कॅमेरा धरला. जपान, चीन, ब्रह्मदेश, हिंदुस्थान असा आशियाभर फिरला. कॅप्टन स्कॉटनं 'टेरा नोव्हा' मोहिमेसाठी १९१० मध्ये त्याला नेलं, तेव्हा अंटार्क्टिकावर केवळ फोटो काढायला नेमून पाठवलेला असा कुणी आधी नव्हता. आधीचे सगळे डॉक्टर, इंजिनिअर नाहीतर शास्त्रज्ञ, हातातलं काम सांभाळून फोटो काढणारे. पाँटिंग स्वतःला कॅमेऱ्याचा कलावंत म्हणवून घेई. धंद्यातल्या माणसाला हे म्हणावं लागतं, नाहीतर लोक पंखा दुरुस्तीलाही बोलावतात.

जहाजावर तो भयंकर आजारी पडला. समुद्र लागला की माणूस पोटातलं सगळं बाहेर काढतो, तुम्ही कोकणात बोटीनं गेला असाल तर जाणता. स्कॉटनं डायरीत लिहून ठेवलंय, की पाँटिंग एका हातात प्लेट धुण्याचा ट्रे आणि दुसऱ्या हातात ओकायचं भांडं धरून काम करत होता. दोन्हींत गफलत झाली नाही, हे कौशल्य. बर्फ फोडत जाणाऱ्या जहाजाचं चलच्चित्र घ्यायला त्यानं कठड्याबाहेर फळ्या काढल्या आणि त्यांच्या टोकाला कॅमेरा घेऊन लोंबकळत राहिला.

थंडीत कॅमेऱ्याचं काय होतं ते इथल्या हौशी मंडळींना सांगायला हवं. फिल्म कडक होऊन बिस्किटासारखी मोडते. उघडं बोट धातूला लागलं तर भाजल्यासारखं होतं. श्वास लेन्सवर पडला की तिथेच गोठतो. आणि कॅमेरा बाहेरून उबदार झोपडीत आणला, की फ्रिजमधली बाटली जशी घामेजते तसा आतून बाहेरून ओला. पाँटिंग एकदा फोकस करताना ओठांवरून जीभ फिरवत होता. ती कॅमेऱ्याच्या धातूला टेकली आणि चिकटली. सोडवताना जिभेची साल कॅमेऱ्यावर राहिली.

केप इव्हान्सच्या लाकडी झोपडीत त्याची छोटी अंधारखोली होती. तो झोपायचाही तिथेच. प्लेट धुवायला पाणी हवं तर आधी बर्फ वितळवा. माझी पहिली डार्करूम मोरीत होती, रात्री नळ गेले की काम ठप्प व्हायचं. तेव्हा मी फार कुरकूर करत असे. पाँटिंगबद्दल वाचल्यावर बंद केली.

५ जानेवारी १९११. टेरा नोव्हा बर्फाला बांधलेलं, सामान उतरवणं चालू. बर्फाच्या कडेला सहा-सात किलर व्हेल, म्हणजे ऑर्का, घुटमळताना दिसले. स्कॉटनं हाक मारली आणि पाँटिंग कॅमेरा घेऊन कडेकडे धावला. जवळच दोन कुत्री बांधलेली. एकाएकी ऑर्का पाण्याखाली गेले आणि दुसऱ्या क्षणाला पायाखालचा बर्फ धडधडत उचलला जाऊन फुटला. ऑर्कांनी खालून पाठीनं ढुशी दिली होती. स्कॉटच्या अंदाजानं अडीच फूट जाडीचा बर्फ. पाँटिंग एका तुकड्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत पळाला. फटींतून सहा-आठ फूट वर ती काळीपांढरी डोकी निघाली आणि इकडेतिकडे बघू लागली. आपला घास कुठे गेला, ते बघत होती. योगायोगानं फटी कुत्र्यांच्या आणि पाँटिंगच्या आजूबाजूनं गेल्या, कुणी पाण्यात पडलं नाही.

त्या प्रसंगाचा फोटो नाही. काढणारा स्वतःच पलीकडच्या प्लेटमध्ये जायच्या बेतात होता! त्या मोहिमेतल्या वन्यजीवनाचा सर्वांत थरारक क्षण आपल्याकडे आहे तो स्कॉटच्या डायरीतल्या शब्दांत.

पाँटिंगला प्राण्यांजवळ जायचं कसब होतं आणि चिकाटीही. स्कुआ पक्ष्याची अंडी, त्यातून निघणारं पिल्लू, वेडेल सीलची आई आणि तिचं बाळ, बर्फाला पडलेलं श्वासाचं भोक दातांनी कातून मोकळं ठेवणारा सील. हे त्यानं चलच्चित्रात पकडलं. सील असं दात झिजवत जगतो आणि दात संपले की त्याचंही संपतं, हे सांगायला शब्द पुरत नाहीत, पाहावंच लागतं. १९११-१२ च्या उन्हाळ्यात तो केप रॉइड्सला शॅकल्टन या दुसऱ्या मोहीमप्रमुखाच्या जुन्या झोपडीत राहिला आणि ॲडेली पेंग्विनांची वसाहत टिपली.

पण त्याच्याही फोटोंत दोरी आहे. ती पेंग्विनांना नव्हे, माणसांना बांधलेली. "इथे उभे राहा, मान वळवा, अजून जरा, हलू नका." लोकांनी त्याच्या नावावरून एक क्रियापदच केलं. 'पाँट' करणं म्हणजे गोठेपर्यंत अवघडून उभं राहणं. क्लिसोल्ड नावाचा स्वयंपाकी हिमनगावर असाच उभा राहिला आणि घसरून पडला, चांगला जायबंदी झाला. दक्षिणेच्या प्रवासात मोटार-स्लेज चालवणाऱ्यांत त्याचं नाव होतं, ते गळलं. आपल्याकडे लग्नात नवरानवरीला उन्हात उभं करणाऱ्यांनी, म्हणजे मीही, यातून काय तो बोध घ्यावा.

एक गोष्ट पाँटिंगला मिळाली नाही. एम्परर पेंग्विनची वसाहत. १९०२ मध्ये स्कॉटच्या पहिल्या मोहिमेतल्या रेजिनाल्ड स्केल्टन या मूळच्या इंजिनिअरनं केप क्रोझियरला ती शोधली आणि तिचे फोटोही काढले. पण तेव्हा ऑक्टोबर होता आणि पिल्लं बाहेर आलेली होती. म्हणजे अंडी भर हिवाळ्यात, अंधारात घातली जात असणार. ती आणायला १९११ च्या जूनअखेर मोहिमेतले विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरर्ड हे तिघं गेले. शून्याखाली साठ अंश सेल्सियसपर्यंत पारा उतरला. तंबू वाऱ्यानं उडाला आणि नशिबानं परत सापडला. पाच आठवड्यांनी तीन अंडी घेऊन ते आले. त्या प्रवासात फोटो काढण्याचा प्रश्नच नव्हता, कारण उजेडच नव्हता. पाँटिंगनं ते झोपडीत शिरल्यावर त्यांचा फोटो काढला. टेबलाशी बसलेत, हातात मग आहेत. चेहरे बघा. पेंग्विन त्या फोटोत नाही, पण मला विचाराल तर सगळ्या मोहिमेतला पेंग्विनचा सर्वांत खरा फोटो तोच.

पाँटिंग १९१२ मध्ये परतला. दक्षिणेच्या प्रवासाला गेलेले स्कॉट आणि सोबती परतले नाहीत. १९१४ मध्ये लंडनच्या सभागृहात पाँटिंग आपली चित्रं दाखवत बोलायचा, बकिंगहॅम राजवाड्यातही त्याचा खेळ झाला. लोक रडायचे स्कॉटसाठी आणि हसायचे पेंग्विनांना. त्यानं 'पाँको' नावाचा खेळण्यातला पेंग्विनही विकायला काढला. १९२४ मध्ये त्याच फिल्ममधून त्यानं 'द ग्रेट व्हाइट सायलेन्स' हा चित्रपट बांधला. कर्ज मात्र फिटलं नाही. १९३५ मध्ये तो ओढगस्तीतच गेला.

पेंग्विन हसवतो, हे त्यानं हेरलं आणि विकलं. यात मला त्याचं थोडं चुकलं असं वाटतं. सूट घातलेला छोटा माणूस म्हणून पेंग्विनकडे बघायची सवय तेव्हापासून अशी लागली की आजही सुटत नाही.

फ्रँक हर्लीबद्दल थोडक्यात. ऑस्ट्रेलियन, शॅकल्टनच्या 'एन्ड्युरन्स'वरचा. १९१५ मध्ये जहाज चिरडलं तेव्हा तो बुडत्या सांगाड्यात बर्फाळ पाण्यात शिरून प्लेटांच्या पेट्या काढून आला. मग त्यानं आणि शॅकल्टननं बर्फावर बसून एकेक प्लेट पाहिली. सुमारे एकशे वीस ठेवल्या, चारशेच्या आसपास तिथल्या तिथे फोडल्या, पुन्हा मोह नको म्हणून. ठेवलेलं वजन होडीत न्यायचं होतं, माणसांबरोबर. यापुढे हातात राहिला तो खिशातला एक छोटा कोडॅक आणि तीन रोल.

पुढचे कित्येक महिने ही माणसं सील आणि पेंग्विनांवर जगली. ब्लबर, म्हणजे सीलची चरबी, जाळून स्वयंपाक, ब्लबरचाच उजेड, आणि शेवटी स्वतःची कुत्रीही. १९१६ च्या ऑगस्टअखेर एलिफंट बेटावरून सुटका झाली. हर्ली लंडनला पोचला. आणि काय झालं? चित्रपट पुरा करायला प्राणी हवेत असं ठरलं. १९१७ मध्ये तो पुन्हा साउथ जॉर्जियाला गेला आणि गुबगुबीत पेंग्विन, लोळणारे एलिफंट सील यांचं भरपूर चित्रण करून आला. 'साउथ' हा चित्रपट १९१९ मध्ये निघाला. शेवटाकडे तुम्हाला वाटतं, अरे, माणसं मरणाच्या दारात आहेत आणि हे पेंग्विन काय मजेत! ते पेंग्विन नंतरचे. ज्यांना खाल्लं, ते पडद्यावर नाहीत.

हर्ली एकाच कागदावर दोन निगेटिव्ह जोडण्यात पटाईत होता, आणि त्यावरून त्याच्यावर कायम टीका होते. मला जोडलेलं आकाश तेवढं खुपत नाही. हे प्राणी खुपतात.

तरी या माणसांच्या बाजूनंही एक हिशेब मांडायला हवा. मॅक्वारी बेटावर जोसेफ हॅच नावाच्या व्यापाऱ्याचे कामगार पेंग्विन मोठमोठ्या वाफेच्या भांड्यांत घालून तेल काढत. दरवर्षी, हजारोंनी. त्याविरुद्ध ओरड करणाऱ्यांत डग्लस मॉसन होता, ज्याच्या मोहिमेत हर्लीनं त्या बेटाचे फोटो काढले होते. अंडी आणायला गेलेला चेरी-गॅरर्डही होता. यातल्या प्रत्येकानं गरजेला पेंग्विन खाल्लेले. खाल्ल्यामुळेच बहुधा भुकेनं मारणं आणि पिंपं भरायला मारणं यांतला फरक त्यांना कुणी समजावून सांगावा लागला नाही. हॅचचा परवाना १९२० च्या सुमारास संपला आणि १९३३ मध्ये बेट अभयारण्य झालं. आज तर १९९१ च्या माद्रिद करारानं अंटार्क्टिकावर पक्ष्याला विनाकारण हुसकावणंही निषिद्ध आहे. आपली पहिली भारतीय मोहीम १९८१ च्या डिसेंबरात गोव्याहून निघाली. आज तिकडे जाणाऱ्या आपल्या लोकांनाही पेंग्विन हातभर पुढे आला तरी आपण मागे सरायचं, एवढं तरी पाळावंच लागतं. बॅगपाइपचं तर नावच नको.

शेवटी जॉर्ज मरे लेव्हिक. हा फोटोग्राफर म्हणून कुणाला माहीत नाही. नौदलातला डॉक्टर, स्कॉटच्याच मोहिमेतला, पण सहा जणांच्या वेगळ्या तुकडीत. केप अडेअरला ॲडेली पेंग्विनांची जगातली सर्वांत मोठी वसाहत आहे, तिथे त्यांची झोपडी होती. १९११-१२ चा पुरा वीणहंगाम लेव्हिकनं पाहिला. पक्षी आले, दगड चोरले, भांडले, जोड्या जमल्या, अंडी, पिल्लं, आणि पुन्हा समुद्र. घरट्यांना नंबर टाकून, दिवसादिवसाची नोंद. त्याचे फोटो पाँटिंगसारखे देखणे नाहीत. समोर उभं राहून, जे आहे ते काढलंय. १९१४ मध्ये त्याचं पेंग्विनांवरचं पुस्तक आलं.

पण त्यानं आणखीही काही पाहिलं होतं. नर मेलेल्या माद्यांशी, जखमी माद्यांशी, पिल्लांशी काय करतात ते. त्या काळातला सभ्य गृहस्थ. त्यानं त्या नोंदी वहीत ग्रीक अक्षरांत लिहिल्या, कुणा सामान्याला वाचता येऊ नयेत म्हणून. परतल्यावर त्यावर छोटा निबंध केला, तो मोहिमेच्या अधिकृत अहवालात घेतला गेला नाही. शंभर प्रती खाजगीत छापल्या, वर ठळक सूचना, 'प्रसिद्धीसाठी नाही'. त्यातली एक लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या संग्रहात सापडली आणि २०१२ मध्ये, शंभर वर्षांनी, एका संशोधनपत्रिकेत छापली गेली. आज शास्त्रज्ञ म्हणतात, निरीक्षण अचूक होतं, फक्त त्याला पेंग्विन दुष्ट वाटले. ते अननुभवी नर होते, एवढंच. सूट घातलेला छोटा माणूस, असं चित्र मनात असलं की त्याच्याकडून सभ्यपणाची अपेक्षाही होते. माणसानं पेंग्विनला बांधलेली सर्वांत लांब दोरी ही.

लेव्हिकला पुढे याच पक्ष्यांचं ऋण वेगळ्या तऱ्हेनं फेडावं लागलं, किंवा वाढवावं लागलं म्हणा. त्यांना न्यायला जहाज येऊ शकलं नाही आणि त्या सहा जणांनी १९१२ चा हिवाळा इनएक्स्प्रेसिबल बेटावर बर्फात खणलेल्या गुहेत, सील आणि पेंग्विन खात काढला. गुहेत ब्लबरचा धूर इतका, की माणसं काजळीनं माखली. एका मेलेल्या सीलच्या पोटात मासे मिळाले तेव्हा सण झाला.

२०१३ च्या उन्हाळ्यात केप इव्हान्सच्या, पाँटिंगची अंधारखोली असलेल्या त्या जुन्या झोपडीबाहेर बर्फ वितळला आणि पाण्यात एक वही सापडली. शंभर वर्षं ती तिथेच गोठून पडली होती. शिवण विरघळलेली, पानं सुटी. वेलकम कंपनीची १९०८ सालची फोटोग्राफीची डायरी, आत लेव्हिकचं नाव. तज्ज्ञांनी एकेक पान वेगळं केलं, साफ केलं, पुन्हा शिवलं.

अशा डायऱ्या मीही वर्षानुवर्षं ठेवल्या. तारीख, विषय, छिद्र किती, वेळ किती. त्यात भावना नसतात. आमच्या घरात तर त्या किराण्याच्या यादीत मिसळून गेल्या. लेव्हिकच्या पानांवर पेन्सिलीनं, बर्फात शंभर वर्षं राहूनही वाचता येईल असं, केप अडेअरचं तेच लिहिलेलं आहे: कोणत्या तारखेला, काय समोर होतं, आणि शटर किती वेळ उघडं ठेवलं.